‘दम लागणे’ आणि ‘हार्ट फेल’ : हृदयाच्या झडपांचे विकार व हृदयविफलता यांची ओळख, निदान व उपचार (हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

हृदयविकार म्हटले की सर्वसामान्यपणे पन्नाशी ओलांडलेला, वजन वाढलेला आणि छातीवर हात धरून कोसळणारा शहरी पुरुष डोळ्यांसमोर उभा राहतो. हे चित्र खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे. ग्रामीण भागात हृदयविकाराचे आणखी एक रूप आढळते. तो रुग्ण विशी-तिशीतला असतो, अंगाने कृश असतो आणि बऱ्याचदा ती स्त्री असते. तिच्या छातीत कळ येत नाही, तिला दम लागतो. तिच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसतात, तर हृदयाची झडप खराब झालेली असते. विकाराचे बीज बहुधा तिच्या शाळकरी वयातच पडलेले असते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे ८५ व्यक्ती ग्रामीण भागात राहतात. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापकाला या विकाराची माहिती का असावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लेखिकेचा विषय प्राणिशास्त्र आहे, वैद्यक नव्हे. त्यामुळे येथे दिलेली माहिती ओळखीपुरती मानावी. उपचाराचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच असतो.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत नेहमी उशिरा पोहोचत असे. एकदा मी तिच्यामागून जिना चढत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती कठड्याला धरून थांबली. विचारले तेव्हा म्हणाली, “दमा आहे मॅडम, लहानपणापासून.” तिच्या दप्तरात श्वासातून घ्यावयाचे औषध होते आणि त्याने फारसा फरक पडत नाही, हेही तिने सांगितले. वसतिगृहातील तिच्या मैत्रिणीकडून कळले की, ती रात्री भिंतीला उशा लावून बसूनच झोपते.

तिला आणखी काही विचारल्यावर एक जुनी आठवण निघाली. ती पाचवी-सहावीत असताना आई-वडील ऊसतोडीला गेले होते व ती आजीजवळ होती. तेव्हा घसा दुखून ताप आला होता. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आधी एक गुडघा सुजला, मग दुसरा, मग घोटा. पंधरा दिवस तिला चालता आले नाही. पुढे सांधे आपोआप बरे झाले आणि सर्वांना ते दुखणे संपले असे वाटले. प्रत्यक्षात ते तेथून सुरू झाले होते. पुढे टू-डी इको तपासणीत तिची मिट्रल झडप अरुंद झाल्याचे निष्पन्न झाले.

या प्रसंगात कोणा एकाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. आपली भाषाही येथे काहीशी फसवते. ‘दम लागतो’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘दमा’ हाच शब्द येतो. त्याचप्रमाणे ‘हार्ट फेल झाले’ हा शब्दप्रयोग आपण एखादी व्यक्ती अचानक मरण पावली या अर्थाने करतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर आहे’ असे सांगताच नातेवाइकांना सर्व संपल्यासारखे वाटते. पहिल्या शब्दामुळे निदान लांबते, दुसऱ्यामुळे उपचाराची आशा सुटते. म्हणून हे दोन्ही शब्द नीट समजून घेणे, हीच या विकाराच्या ओळखीची पहिली पायरी होय.

झडपांची रचना व कार्य

हृदयात चार झडपा असतात. डाव्या अलिंद व डाव्या निलयामधील द्विदली अर्थात मिट्रल झडप, उजव्या बाजूची त्रिदली झडप, महारोहिणीच्या मुखाशी असलेली महारोहिणी झडप आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीच्या मुखाशी असलेली फुप्फुसीय झडप. रक्ताला पुढे जाऊ देणे व मागे येऊ न देणे एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा करावे लागते.

झडपेत बिघाड दोन प्रकारे होतो. झडप पुरेशी उघडत नसेल तर तिला अरुंदता म्हणतात व नीट मिटत नसेल तर गळती म्हणतात. मोटेवरच्या शेतकऱ्याला किंवा आजच्या पंपधारकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असेल किंवा त्यात कचरा अडकला असेल, तर मोटार कितीही चांगली असली तरी पाणी वर चढत नाही आणि मोटारीवरचा ताण मात्र वाढत जातो.

प्रौढ व्यक्तीत मिट्रल झडपेचे मुख साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते १.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाले की अरुंदता गंभीर समजली जाते. डाव्या अलिंदात साठलेल्या रक्ताचा दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो व तेथे द्रव झिरपू लागतो. रुग्णाला दम लागतो तो यामुळे. तिच्या श्वासनलिकेत दोष नसतो, तर पुढचा दरवाजा अडलेला असतो.

विकाराचे मूळ

तरुण वयातील झडपविकाराचे आपल्याकडील प्रमुख कारण म्हणजे संधिवाती ज्वर, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात. ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे मुलांचा घसा दुखतो. बहुतेक मुले बरी होतात; परंतु काहींच्या शरीरात त्या जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. जिवाणू व हृदयपेशी यांच्यातील काही प्रथिनांच्या साम्यामुळे असे घडते. हा ज्वर प्रामुख्याने ५ ते १५ या वयोगटात, घशाच्या संसर्गानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी येतो. सांधे पूर्ववत होतात. झडपेवरील व्रण मात्र राहतो व दर नव्या हल्ल्यागणिक वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५.५ कोटी लोक या विकाराने ग्रस्त असून दरवर्षी सुमारे ३ लाख ६० हजार मृत्यू होतात. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. घरांची दाटी कमी झाली, उपचार जवळ आले आणि पेनिसिलिन वेळेवर मिळू लागले, ही त्याची कारणे होत. एका खोलीत आठ माणसे झोपत असतील किंवा उसाच्या फडाशेजारी कोपीत हिवाळा काढावा लागत असेल, तर जिवाणू एका घशातून दुसऱ्या घशात सहज जातो. या अर्थाने हा जिवाणूचा विकार आहे, तितकाच निवाऱ्याचाही आहे.

वार्धक्यात महारोहिणी झडपेवर कॅल्शियम साठून ती कडक होते. काहींत ही झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाळ्यांची असते. अशा रुग्णांना श्रमाने छातीत दुखणे, घेरी येऊन पडणे किंवा दम लागणे ही लक्षणे आढळतात. हृदयाचा स्नायू फुगल्यामुळेही झडप गळू शकते.

ओळख

झडपविकार अनेक वर्षे मूक राहतो. रुग्ण नकळत आपली कामे कमी करतो आणि म्हणून ‘मला काही त्रास नाही’ असे सांगतो. त्यामुळे ‘त्रास होतो का?’ यापेक्षा ‘मागच्या वर्षी जे काम सहज होत होते ते आज होते का?’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. पुढील लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे :

१. जिना चढताना, पाण्याची घागर उचलताना किंवा चालताना बरोबरीच्यांपेक्षा लवकर दम लागणे.
२. आडवे झाल्यावर दम वाढणे, दोन-तीन उशा लागणे, रात्री गुदमरून उठून बसावे लागणे.
३. छातीत अनियमित धडधड होणे.
४. संध्याकाळी पावलांवर सूज येणे, पोट फुगणे किंवा दोन-तीन दिवसांत वजन सुमारे दोन किलो वाढणे.
५. खोकल्यातून रक्त पडणे किंवा तरुण वयात अचानक अर्धांगवायूचा झटका येणे.
६. लहानपणी ताप येऊन मोठे सांधे एकामागून एक सुजल्याचा पूर्वेतिहास असणे.

दम्यात लक्षणे बहुधा कमी-जास्त होतात, ऋतूनुसार बदलतात, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो व श्वासाच्या औषधाने आराम पडतो. झडपविकारात दम श्रमाशी व आडवे होण्याशी जोडलेला असतो. ही रेषा नेहमी स्पष्ट नसते. फुप्फुसांत द्रव साठला की हृदयरुग्णाच्या छातीतही शिट्टी वाजते. ‘रक्त कमी आहे’ हेही ग्रामीण मुलींच्या बाबतीत नेहमीचे उत्तर असते. ते खरे असले तरी रक्तक्षय व झडपविकार एकाच वेळी असू शकतात. म्हणून औषधाने न जाणाऱ्या दम्याची व गोळ्यांनी न सुधारणाऱ्या अशक्तपणाची हृदयतपासणी झालीच पाहिजे.

गर्भारपण ही या विकाराची कठोर परीक्षा होय. त्या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. अरुंद झडपेतून हा वाढीव प्रवाह जाऊ शकत नाही आणि तोपर्यंत अज्ञात असलेला विकार मध्यावर किंवा बाळंतपणात अकस्मात प्रकट होतो. विवाहापूर्वी झालेले निदान येथे दोन जीव वाचवू शकते.

निदान

१८१६ मध्ये पॅरिस येथे लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला, तेव्हापासून झडपेचा बिघाड कानाने ओळखता येऊ लागला. बिघडलेल्या झडपेतून रक्त जाताना खळखळ ऐकू येते. मिट्रल अरुंदतेचा आवाज मात्र हलका व खोल असतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो निसटू शकतो. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हेर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. त्या तंत्राचा आरंभीचा महत्त्वाचा उपयोग मिट्रल अरुंदतेच्या निदानासाठीच झाला. आजचा टू-डी इको हा त्याचाच वंशज. त्यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. झडपेचे क्षेत्रफळ, गळतीचे प्रमाण व हृदयाची आकुंचनशक्ती हे सर्व त्यातून कळते.

संधिवाती ज्वराचे निदान मात्र एका चाचणीने होत नाही. त्यासाठी १९४४ मध्ये डकेट जोन्स यांनी मांडलेले निकष वापरले जातात. २०१५ च्या सुधारणेत, हा रोग जास्त असलेल्या प्रदेशांसाठी एकाच सांध्याची सूज किंवा अनेक सांध्यांची वेदना यांनाही प्रमुख लक्षणाचा दर्जा देण्यात आला व इकोवर दिसणारी मूक हृदयबाधाही ग्राह्य धरण्यात आली.

हृदयविफलता याचा अर्थ हृदय बंद पडणे नव्हे, तर शरीराला हवे तेवढे रक्त हृदय पुरवू न शकणे किंवा त्यासाठी त्याला वाढीव दाब सोसावा लागणे. हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांची अंतिम वाट आहे. झडपविकार, हृदयविकाराचा झटका, उच्च रक्तदाब व स्नायूचे विकार हे सर्व येथे येऊन मिळतात. निदानासाठी ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्तातील एनटी-प्रोबीएनपी व इको या तपासण्या केल्या जातात.

उपचार

उपचाराची पहिली पायरी घशापाशी आहे. स्ट्रेप्टोकॉकसमुळे दुखणाऱ्या घशावर नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाल्यास संधिवाती ज्वर टाळता येतो. बरे वाटताच तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करण्याची सवय मात्र येथे घातक ठरते. तोंडी औषधाचा दहा दिवसांचा क्रम पूर्ण करावा लागतो.

दुसरी पायरी म्हणजे पुढचा हल्ला रोखणे. एकदा ज्वर होऊन गेलेल्या व्यक्तीला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. मोठ्यांसाठी मात्रा १२ लाख युनिट व लहान मुलांसाठी ६ लाख युनिट असते. हृदयाला बाधा झालेली नसल्यास शेवटच्या हल्ल्यापासून ५ वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, आणि झडपेत कायमचा दोष राहिल्यास १० वर्षे किंवा ४० व्या वर्षापर्यंत, यांपैकी जो काळ जास्त असेल तोपर्यंत ते घ्यावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. युगांडातील आठशेहून अधिक मुलांवरील २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आरंभीच्या मूक अवस्थेत हे इंजेक्शन घेणाऱ्या मुलांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा विकार वाढला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते. औषध स्वस्त व जुने आहे. अवघड आहे ती तारीख पाळणे. इंजेक्शन दुखते, गंभीर अ‍ॅलर्जी विरळ असली तरी तिच्या भीतीने ते द्यायला काही ठिकाणी टाळाटाळ होते आणि घर ऊसतोडीला निघाले की पाच-सहा महिन्यांच्या तारखा हुकतात. झडप अतिशय खराब असलेल्या रुग्णांत इंजेक्शनऐवजी गोळ्या द्याव्यात का, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात.

तिसरी पायरी झडपेच्या दुरुस्तीची. जपानचे कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फुग्याने मिट्रल अरुंदतेवरील उपचार बदलून गेले. मांडीच्या शिरेतून नळी घालून फुगा झडपेपर्यंत नेतात व तेथे फुगवून चिकटलेल्या पाळ्या मोकळ्या करतात. छाती उघडावी लागत नाही व रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. झडप फार कडक वा गळकी असल्यास शस्त्रक्रिया करून ती दुरुस्त करतात किंवा बदलतात. या संदर्भात त्रिवेंद्रम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या भारतीय झडपेचा उल्लेख आवश्यक आहे. ती डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णात बसविण्यात आली व परदेशी झडपेची किंमत न परवडणाऱ्यांना मोठा आधार मिळाला. वृद्धांमधील महारोहिणी झडपेसाठी २००२ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅलन क्रिबिए यांनी शस्त्रक्रियेविना नळीवाटे झडप बसविण्याची सुरुवात केली.

धातूची झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते व आयएनआर ही रक्तचाचणी नियमित करावी लागते. प्राणिज झडपेला अशी आजन्म गोळी सहसा लागत नाही, परंतु तरुण वयात ती लवकर झिजते. मूल हवे असलेल्या तरुणीसाठी ही निवड विशेष कठीण असते, कारण वॉरफरिनमुळे गर्भाला धोका संभवतो. नाडी अनियमित झालेल्या ऱ्हुमॅटिक रुग्णांत नवी औषधे अधिक सोयीची ठरतील अशी अपेक्षा होती. तथापि २०२२ मधील सुमारे साडेचार हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जुन्या गोळीचाच परिणाम सरस ठरला.

हृदयविफलतेत लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधांनी दम व सूज लवकर उतरते. हृदयाची आकुंचनशक्ती घटलेली असल्यास चार गटांतील औषधे एकत्रितपणे दिली जातात व त्यांनी आयुर्मान वाढते, हे सिद्ध झाले आहे. मात्र अरुंद झडपेचा अडथळा गोळ्यांनी दूर होत नाही. पापड, लोणचे व वरचे मीठ कमी करणे, रोज सकाळी वजन करणे आणि बरे वाटले तरी औषध न सोडणे ही रुग्णाची जबाबदारी असते.

उपलब्ध व्यवस्था आणि तिच्यातील पोकळी

राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत व नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते व तिच्यात हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेजारच्या नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे. म्हणजे उपचाराची वाट आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमात तपासावयाच्या विकारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. परंतु हे छत्र वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच आहे. नेमक्या त्याच वयात विद्यार्थिनी पदवी महाविद्यालयात येते व दोन-तीन वर्षांत तिचा विवाह ठरतो. शाळेची तपासणी संपली आहे आणि प्रसूतिपूर्व तपासणी अद्याप सुरू व्हायची आहे, अशा मधल्या काळात ती केवळ आपल्या वर्गात असते.

महाविद्यालयाची भूमिका

ही पोकळी भरून काढण्यासाठी महाविद्यालयास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी सहा लक्षणांची वरील यादी विचारता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून प्रत्येकाच्या हृदयाची स्टेथोस्कोपने तपासणी करून घेता येईल. क्रीडा विभागाने, धावताना मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी ठरविण्यापूर्वी एकदा विचारपूस करावी. ज्या विद्यार्थ्यांचे इंजेक्शन सुरू आहे त्यांची पुढील तारीख एका वहीत, गोपनीयता राखून, नोंदवून ठेवावी. परीक्षेचा दिवस व इंजेक्शनचा दिवस एकच आल्यास कोणता चुकवायचा, हे विद्यार्थिनीला एकटीने ठरवावे लागू नये.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीची झडप फुग्याने मोकळी करण्यात आली व ती पुढील वर्षी दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढली. पदवीनंतर तिचा विवाह ठरला तेव्हा ती भेटायला आली होती. तिने एकच प्रश्न विचारला : “मॅडम, इंजेक्शनचं सासरी सांगायचं का?” तिच्या घरच्यांचा सल्ला न सांगण्याचा होता. सांगितले तर सोयरीक मोडण्याची भीती, न सांगितले तर दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायला कारण काय सांगायचे, हा पेच. मी तिला सांगण्याचाच सल्ला दिला आणि तिच्या संमतीने दोन्ही घरच्यांसमोर डॉक्टरांकडून समजावून सांगण्याची व्यवस्था केली. विवाह झाला, परंतु प्रत्येक मुलीच्या बाबतीत असेच घडेल अशी खात्री देता येत नाही.

वैद्यकशास्त्राने या विकारासाठी जे करावयाचे ते बहुतांशी केले आहे. जिवाणू माहीत आहे, औषध उपलब्ध आहे, झडप दुरुस्त करता येते. उरते ते आपल्या सामाजिक व्यवहारात. दम लागणे म्हणजे दमाच असे नाही, हार्ट फेल्युअर म्हणजे मृत्यू नव्हे आणि महिन्याचे इंजेक्शन म्हणजे मुलीतील खोट नव्हे, एवढ्या तीन गोष्टी वर्गात स्पष्टपणे सांगता आल्या, तरी जिन्याच्या वळणावर थांबलेली पुढची विद्यार्थिनी वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.